लाइट गेल्यावर मेणबत्ती जपून

सर्व सभासदांना नमस्कार,

पावसात रात्री-अपरात्री लाइट जाते आणि घरोघरी मेणबत्त्या निघतात. परवा आमच्याकडे घाईत प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणावरच मेण सांडून मेणबत्ती चिकटवली होती. ती जळत खाली आली, झाकण वितळलं आणि टेबलाला तळहाताएवढा काळा डाग पडला. मी जागी होते म्हणून निभावलं.

म्हणून कळकळीची विनंती. मेणबत्ती स्टीलच्या खोलगट ताटलीत नाहीतर वाळू भरलेल्या वाटीत उभी करा. पंख्याचं बटण आठवणीने बंद ठेवा, कारण लाइट आली की पंखा एकदम फिरतो आणि पडदा ज्योतीवर येतो. हे कुणाच्या लक्षातच येत नाही! झोपण्यापूर्वी मेणबत्ती विझवाच. लहान मुलं किंवा आजी-आजोबा एकटे असतील तिथे बॅटरीच बरी.

गॅसचा वास आला तर काडी ओढू नका, बटणांना हात लावू नका. रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडा, बाहेर येऊन 1906 ला फोन करा.

भाजलंच तर 20 मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको. आग लागली तर 101.

– सचिव