‘पट्टी कधी मिळते?’ एवढंच विचारलं होतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला हॉलंड दौऱ्यावरचा लेख वाचला. ‘तिकडचा शेतकरी शिस्तीचा, आपला रडका’ हे लेखकमहाशयांनी बारा दिवसांत ओळखलं, याबद्दल त्यांचं अभिनंदन. मीही कृषी खात्याच्या अभ्यास दौऱ्यात तिकडे जाऊन आलोय. निम्मा खर्च सरकारचा, तोही लाखापर्यंतच. उरलेला माझ्या खिशातला. तेव्हा दोन शब्द बोलायचा हक्क मलाही आहे.

आधी फोटोचं. ‘डच शेतकऱ्याचे शेत’ म्हणून जे छापलंय ते क्युकेनहॉफ आहे, तिकीट काढून बघायची बाग. तिथे दर वर्षी सुमारे ७० लाख कंद हाताने लावतात आणि बाग वसंतात आठेक आठवडेच उघडी असते. खऱ्या ट्युलिपच्या शेतात आमच्या डोळ्यांदेखत मशीन फुलांची मुंडकी उडवत चाललं होतं. आमच्यातला एक झेंडूवाला कळवळून म्हणाला, ‘अरे, दसऱ्यापुरती तरी ठेवा!’ मग कळलं, त्या शेतकऱ्याला विकायचा असतो तो कंद. फूल ठेवलं तर कंद पोसत नाही.

आल्समेरचा फुलांचा लिलाव म्हणे ‘घड्याळाच्या काट्यावर’ चालतो. अहो, ते घड्याळ वेळ दाखवत नाही, भाव दाखवतं! भाव वरून सुरू होतो आणि उतरत जातो. आधी बटण दाबेल त्याचा माल. आपली बोली खालून वर चढते, तिची उलटी. पण लेखात जे यायला हवं होतं तेच नाही. तो बाजार फूल उत्पादकांच्याच सहकारी संस्थेचा आहे, आणि खरेदीदाराकडून पैसे वसूल करणं ही त्या संस्थेची डोकेदुखी.

मी तिथे एकच प्रश्न विचारला, पट्टी कधी मिळते? म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब आणि पैसे हातात कधी पडतात? ‘पट्टी’ समजावताना दुभाष्याला घाम फुटला. मग विचारलं, पैसे बुडाले तर? समोरच्या बाईंना प्रश्नच कळेना. दुसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाल्या, ‘कोणाचे?’

माझे, बाई. आमच्याकडच्या एका व्यापाऱ्याने माझा ६२ क्विंटल कांदा घेतला. कायद्याने २४ तासांत पैसे. त्याने पुढच्या तारखेचा चेक दिला, तो वटला नाही. बाजार समितीत गेलो तर ‘अर्ज द्या’. अर्ज दिला तर ‘साहेब मीटिंगला गेलेत’. अकरा महिने चपला झिजवल्या. शेवटी निम्मे मिळाले, तेही ‘भाऊ, समजून घ्या’ म्हणत. मुलीची कॉलेजची फी उसनवारीने भरली, सोसायटीचं कर्ज थकलं ते थकलंच. त्याचा गाळा मात्र चालू आहे, पाटी तेवढी नवी. आता यात मी बेशिस्त कुठे, तेवढं लेखकमहाशयांनी दाखवावं.

परत आल्यावर मुलीने मोबाइलवर दाखवलं, ब्रूक ऑप लांगेडाइक नावाच्या गावात भाजी पिकवणाऱ्यांचा लिलाव १८८७ साली सुरू झाला. माल होडीत घालून कालव्यातून थेट लिलावघरात आणायचे. ते जुनं लिलावघर आता संग्रहालय आहे. आमच्या दौऱ्यात ते नव्हतं. चीजच्या दुकानात मात्र पाऊण दिवस गेला, आणि लाकडी बूट सगळ्यांनी घेतले. (मीही.)

जाता जाता, कांदा जरा चढला की तुमच्या पहिल्या पानावर ‘कांद्याने रडवले’. आम्ही तो रस्त्यावर ओततो तेव्हा आतल्या पानात दोन ओळी. आणि हल्ली बाजारभावाचा रकाना आठवड्यातून दोनदा तरी गायब असतो. दौऱ्याच्या लेखाला अर्धं पान सापडतं, रकाना तर चार बोटांचा.

आपला,
एक कांदा उत्पादक,
ता. निफाड, जि. नाशिक