ऑगस्टच्या पट्टीवरचा चहा : सांस्कृतिक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय सांस्कृतिक मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

निसर्गावर आधारलेल्या वस्त्रकलेच्या प्रदर्शनाचं उद्घाटन नुकतंच आपल्या हस्ते झालं. आपण वेळात वेळ काढून आलात, फीत कापलीत, चार शब्द बोललात, त्याबद्दल मनापासून आभार. एक आठवून पाहाल का? आपण ज्या टेबलामागे उभे होतात, त्यावर करड्या रंगाचं, पानांचे ठसे असलेलं एक कापड अंथरलेलं होतं. आपला चहाचा कप त्यावरच होता.

ते टेबलक्लॉथ नव्हतं. ती माझी कलाकृती होती. तिची जागा भिंतीवर होती, सातव्या आणि नवव्या पट्टीच्या मध्ये. आयोजकांना ऐन वेळी टेबल उघडं दिसलं आणि हाताशी कापड सापडलं. इतकी साधी गोष्ट.

एकाच झाडाखाली वर्षभर पडणारा पाला मी 12 सुती पट्ट्यांवर उतरवला, दर महिन्याला एक. कापड सोड्यात उकळून त्यातली खळ काढायची, हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, वाळवायचं, तुरटीत टाकायचं. पानं हिराकसाच्या, म्हणजे लोखंडाच्या क्षाराच्या, पाण्यातून काढून कापडावर मांडायची, सगळं काठीवर गुंडाळून सुतळीने करकचून आवळायचं आणि वाफवायचं. मग रात्रभर हात लावायचा नाही. सगळ्यात अवघड काम हेच. सकाळी गुंडाळी सोडली की पानाची शीर न् शीर कापडावर आलेली असते, किंवा नुसता चिखल झालेला असतो. दोन्ही मी भरपूर पाहिलंय.

ऑगस्टच्या पट्टीत एक पान होतं, त्यावर अळीने आतून पोखरत नेलेली नागमोडी वाट होती. ती वाट कापडावर केसाएवढ्या बारीक पांढऱ्या रेषेत उमटली. तसं पुन्हा उमटेल म्हणून मी नंतर 14 वेळा प्रयत्न केले, कदाचित 15. नाही उमटलं. आपला कप बरोबर त्या पानावर होता, मंत्रिमहोदय.

चहात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. कापडात हिराकसाचं लोह असतं. ही दोन्ही भेटली की काळा रंग होतो. शतकानुशतकं लिहिण्याची शाई याच मेळातून बनली. त्यामुळे कपाखालचं ते वर्तुळ म्हणजे साधा डाग नाही, तो पक्का रंग आहे. माझ्या पट्टीवर सगळ्यात टिकाऊ काय राहणार असेल, तर ते तुमचं वर्तुळ.

मी तक्रार घेऊन गेले तेव्हा संबंधित अधिकारी म्हणाले, ‘‘मॅडम, दुसरी करून द्या ना. पानंच तर आहेत.’’

यावर काय बोलायचं असतं ते मला अजून सुचलेलं नाही.

उरलेल्या 11 पट्ट्यांचंही ऐका. वनस्पतींचे रंग उजेडात उडतात. झालेली हानी भरून निघत नाही, ती रोज थोडी थोडी साचत जाते. म्हणून जगभरची संग्रहालयं कापडावर साधारण 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड पडू देत नाहीत. हे मी अर्जात लिहिलं होतं, फोनवर सांगितलं होतं, प्रत्यक्ष जाऊनही सांगितलं होतं. तुमच्या विभागाने पट्ट्या टांगल्या पश्चिमेच्या काचेसमोर. वर फोटोंसाठी दोन प्रखर हॅलोजन दिवे. का, तर ‘‘उजेड नको असेल तर प्रदर्शन कशाला?’’ एप्रिलच्या पट्टीवरचा पिवळा चौथ्या दिवशी फिका पडायला लागला. मी रोज जाऊन बघत होते. आजाऱ्याला भेटायला जावं तशी.

आणि कार्यशाळा! भाषणात तुम्ही टाळ्या घेतल्या त्या तिच्यावरच : शाळेतल्या मुलांसाठी तीन दिवस, नैसर्गिक रंग, मोफत. तीन दिवसांची झाली 45 मिनिटं. तेही चालवून घेतलं असतं, पण विभागाकडून कापड आलं ते पॉलिएस्टरचं. पॉलिएस्टर म्हणजे मुळात प्लॅस्टिकच. सुती कापडासाठी जमवलेल्या मंजिष्ठेच्या मुळांच्या लाल रंगाची आणि त्याची गाठ पडत नाही. 32 मुलांनी मन लावून रुमाल बुडवले, बाहेर काढले, पाण्याखाली धरले, आणि सगळा रंग मोरीत गेला. एका मुलाने माझ्याकडे पाहून विचारलं, ‘‘बाई, माझा रंग कुठं गेला?’’ फोटो मात्र रुमाल धुण्याच्या आधीच काढून झाले होते. तुमच्या इंटरनेटवरच्या पानावर लाल रुमाल हातात धरलेली हसरी मुलं दिसतात, तो हाच फोटो.

कापडरंगाईमुळे जगातलं 20 टक्के औद्योगिक सांडपाणी होतं, असंही तुम्ही म्हणालात. हा आकडा सगळेच फेकतात, मीही कित्येक कार्यशाळांत फेकलाय. मूळ अभ्यास दाखवा म्हटलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. आणि ‘नैसर्गिक’ म्हणजे सोवळं असंही काही नाही. रंग पक्का करायला पूर्वी क्रोम आणि तांब्याचे क्षार सर्रास वापरले जायचे, आणि ते विषारीच असतात. पण हे बोलायला 45 मिनिटांत वेळ कुठला!

माझं खरं भांडण कशाशी आहे सांगते. प्रवेशाच्या अर्जात तीन रकाने असतात : चित्र, शिल्प, इतर. मी गेली 19 वर्षं ‘इतर’ आहे. ‘इतर’ला भिंतीचं भाडं तेवढंच, विमा नाही, मानधन नाही, आणि टेबल उघडं पडलं की पहिला हात ‘इतर’वर पडतो. कॅनव्हासही कापडच असतो हो! त्यावर तैलरंग थापले की तो चौकटीत जातो. धागा, पान आणि नीळ दिसली की ते घरकाम ठरतं. जर्मनीतल्या बाउहाउससारख्या नव्या विचारांच्या म्हणवणाऱ्या कलाशाळेतही 1920च्या दशकात मुलींना विणकामाकडेच ढकललं जायचं. त्याच विणकामशाळेतून अ‍ॅनी अल्बर्स घडल्या, आणि 1949 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या विणकामाचं एकल प्रदर्शन भरलं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये 1962 पासून 1995 पर्यंत टॅपेस्ट्रीचं, म्हणजे विणलेल्या भित्तिचित्रांचं, द्वैवार्षिक प्रदर्शन भरत होतं. पोलंडच्या कलाकार माग्दालेना आबाकानोविच यांची माणसापेक्षा उंच, झाडाच्या ढोलीसारखी विणलेली शिल्पं छतापासून टांगली गेली. त्यांच्यावर कुणी कप ठेवल्याचं ऐकिवात नाही. ठेवणार तरी कुठे म्हणा.

आणि निसर्ग? तुम्हा मंडळींना निसर्ग हवा असतो तो फ्लेक्सवर. प्रदर्शनाच्या दारात ‘निसर्गाकडे चला’ असं हिरव्यागार अक्षरांत लिहिलेला प्लॅस्टिकचा फलक होता, दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकची फुलं. आत भिंतीवर खरी पानं उन्हात मरत होती. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर, त्यावर शेरा, शेऱ्यावर शेरा, आणि खाली कुणीच जबाबदार नाही. मी सात अर्ज केले. पोच दोनाची मिळाली. त्यातली एक कुणा शिल्पकाराच्या नावाची आहे, ती मी जपून ठेवलीय; निदान रकाना तरी बदलला.

मागणं फार नाही. 11 पट्ट्या आजच उतरवा. त्या 32 मुलांना सुती रुमाल द्या, मी विनामानधन येईन, पूर्ण तीन दिवस. अर्जातला रकाना बदलायला मात्र तुमची सही लागते म्हणे.

हे पत्र घाईने लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. काल फोन आला, ‘‘काळजी करू नका, पट्टी पावडर लावून स्वच्छ धुऊन पाठवतो.’’ कृपा करून धुऊ नका. कपडे धुण्याची पावडर लागली तर डाग राहील आणि पान जाईल. जशी आहे तशी, वर्तुळासकट, सुरळी करून पाठवा. घडी नको.

मी ती आठव्या जागेवरच टांगणार आहे. खालची पाटी लिहून तयार आहे : सुती कापड, पानं, हिरडा, तुरटी, हिराकस, चहा. चहा मंत्रिमहोदयांच्या सौजन्याने.

आपली,
रकाना क्रमांक तीनमधली एक