परदेशातल्या अनाथाश्रमाला मदत करायची तर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाताळ जवळ आला की मिरज, सांगली, सातारा, वाई इथल्या मंडळ्यांमध्ये (चर्चच्या सभासद-समुदायांत) परदेशातल्या, त्यातही आफ्रिकेतल्या ख्रिस्ती बालगृहांसाठी आवाहनं होतात. ऐकणारं कुटुंब दोनच गोष्टी विचारतं: एका मुलाचा महिन्याचा खर्च किती, आणि पैसे कुणाकडे द्यायचे? ‘माझ्याकडे द्या, मी पोचवतो’ हे उत्तर आलं की घोळाला सुरुवात झालीच म्हणून समजा.

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेत भारतात राहणाऱ्या व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, आणि देणगी त्यात बसते. पण ही सोय व्यक्तीला आहे. मंडळी, ट्रस्ट, महिला मंडळ, फर्म यांना नाही. शिवाय अर्जात ‘हे पैसे माझे आहेत’ असं लिहून द्यावं लागतं. वीस घरांचं दानार्पण गोळा करून एकाने स्वतःच्या नावावर पाठवलं तर ते लिहून देणं खोटं ठरतं. धर्मादाय ट्रस्टने परस्पर परदेशात खर्च केला, तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या मंजुरीशिवाय त्या रकमेला आयकर सूट मिळत नाही. एफसीआरए या परदेशी देणग्यांवरच्या कायद्याची भीती मात्र इथे विनाकारण घातली जाते. तो कायदा बाहेरून येणाऱ्या पैशाचा. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर ८०जीची (देणगीवरची आयकर) वजावट मिळत नाही, तेव्हा पावती दाखवून कुणी तसं सांगत असेल तर सावध व्हा.

पतसंस्थेत हे काम होणार नाही. परकीय चलनाचे व्यवहार करणारी बँकेची शाखा गाठा. पॅन, ए-२ फॉर्म (पैसे बाहेर पाठवण्याचा अर्ज) आणि पैसे कशासाठी जातात ते सांगणारा उद्देशाचा कोड लागतो. धर्मादाय किंवा धार्मिक संस्थेसाठी एस १३०३, व्यक्तीला भेट द्यायची तर एस १३०२. संस्थेच्या नावाने आवाहन आणि खातं मात्र पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) नावावर, असं असेल तर पैसे पाठवूच नका. खात्यावरचं नाव अक्षरन् अक्षर तेच लिहा. ‘चिल्ड्रन्स होम’ऐवजी ‘मिनिस्ट्रीज’ असा फरक पडला तरी रक्कम अडकू शकते आणि काही आठवड्यांनी शुल्क कापून, त्या दिवशीच्या विनिमय दराने परत येऊ शकते. स्विफ्ट कोड (बँकेची आंतरराष्ट्रीय ओळख) सगळीकडे लागतो, आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) युरोपात आणि इतर काही देशांत. केनियासारख्या देशात आयबॅन नाही, म्हणून तो रकाना उगाच भरू नका. इथली बँक शुल्क घेते, मधली बँकही कापते. दरमहा दोन हजार पाठवण्यात त्यातला मोठा वाटा शुल्कातच जातो. सहा महिन्यांचे साठवून एकदम पाठवा आणि ‘सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे’ हा पर्याय निवडा.

आता मुख्य मुद्दा. मूल ‘दत्तक’ घेतल्यासारखं एका मुलाच्या नावाने पैसे देऊ नका. जगभरातल्या अनाथाश्रमांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. मूल तिथे पोचतं ते गरिबीमुळे, शाळेच्या फीमुळे, आजारपणामुळे. डोक्यामागे पैसे मिळू लागले की खाटा भरलेल्या ठेवण्यातच संस्थेचा फायदा होतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये मान्य केलेली मार्गदर्शक तत्त्वं मुलाला आधी कुटुंबात, नातेवाइकांत ठेवायला सांगतात. केनियाने २०२२ ते २०३२ या काळासाठी तसंच धोरण आखलं आहे. म्हणून नोंदणी, त्या देशाचा बालगृहाचा परवाना आणि लेखापरीक्षित हिशेब मागाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे गेल्या वर्षी किती मुलं आजी-मामाकडे परत गेली ते विचारा. परत गेलेल्या मुलाच्या घरी कुणी किती वेळा जाऊन आलं, फी कोण भरतं, हेही. उत्तरात फक्त मुलांचे हसरे फोटो आले तर दुसरी संस्था शोधावी. आजीच्या घरी राहणाऱ्या नातवाची फी भरणारी मिनिस्ट्री (ख्रिस्ती सेवासंस्था) मला मोठ्या इमारतीवाल्या मिनिस्ट्रीपेक्षा भरवशाची वाटते, भले तिचं माहितीपत्रक साधं असो.

मैत्री टिकवायची तर मुदत आणि अहवाल आधी ठरवा. आपल्याकडेच याचं चांगलं उदाहरण आहे. १८८७ मध्ये बोस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने पंडिता रमाबाईंच्या नियोजित शाळेला दहा वर्षं मदत करण्याचं ठरवलं. ती शाळा, शारदा सदन, १८८९ मध्ये मुंबईत सुरू झाली. मुदत ठरलेली असल्याने संस्थेला पुढची आखणी करता येते. भावनेच्या भरात दिलेलं आणि तिसऱ्या महिन्यात थांबलेलं दान मात्र शिक्षकाचा पगार थकवतं.

जुन्या कपड्यांची बोचकी पाठवू नका. टपालखर्च कपड्यांहून जास्त होतो आणि तिकडे कस्टमचा भुर्दंड संस्थेवर पडू शकतो. पत्रं जरूर लिहा, पण संस्थेच्या कार्यालयामार्फत, घरचा पत्ता आणि फोन न देता. ‘तुला इकडे घेऊन येऊ’ असं चुकूनही लिहू नका. मूल ते वर्षानुवर्षं धरून बसतं. मुलांचे फोटो मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवू नयेत. आपल्याकडे बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं. तिकडच्या मुलांनाही तोच मान द्यावा.

भेटीला जायचं असेल तर पर्यटक व्हिसावर तिथे स्वयंसेवा चालेल असं गृहीत धरू नका, वकिलातीकडून खात्री करून घ्या. मुक्काम संस्थेबाहेर, स्वतःच्या खर्चाने करा. आठवडाभर मुलांना कडेवर घेऊन निघून येण्यापेक्षा तो वेळ कार्यालयात बसून हिशेबाची वही आणि हजेरीपट पाहण्यात घालवावा.

आपला,
परकीय चलन विभागातील एक निवृत्त बँक कर्मचारी, मिरज