क्रूझवर स्वीट घेताना आधी मधलं दार बघ

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

इरासाठी क्रूझवर स्वीट, म्हणजे झोपायची आणि बसायची जागा असलेली मोठी खोली, घ्यायचा तुमचा विचार चांगला आहे. पण बाल्कनीचे फोटो बघण्याआधी खोलीच्या नकाशात मधलं दार शोध. पुष्कळ जहाजांवर मिनी किंवा ज्युनियर स्वीट म्हणजे एकच लांबट खोली आणि मध्ये पडदा. अडीच वर्षांचं लेकरू साडेआठला झोपलं की तुम्ही दोघं अंधारात कुजबुजत बसणार. दार असलेली बेडरूम मिळणार असेल तरच जास्तीचे पैसे मोज. नाहीतर आतून जोडलेल्या दोन साध्या खोल्यांचा भाव विचार. कित्येकदा तो मोठ्या स्वीटपेक्षा कमी असतो आणि बाथरूमही दोन मिळतात. माझं मत त्याच बाजूने आहे.

खोली जहाजाच्या मध्यावर हवी. लाटांवर जहाज सी-सॉसारखं हलतं. टोकं जास्त वरखाली होतात, मधला भाग कमी. वर जावं तसं डोलणंही वाढतं, आणि स्वीट बहुतेक वरच्याच मजल्यांवर असतात. बोट लागण्याचा त्रास साधारण 2 ते 12 वर्षांच्या मुलांना जास्त होतो, म्हणजे इरा आता त्या वयात आली. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नकोस, डोस डॉक्टरांकडूनच लिहून घे. खोलीच्या वर आणि खाली काय आहे तेही बघ. वर पूल असेल तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो.

खोलीत शिरल्या शिरल्या बाल्कनीच्या दाराची कडी इराच्या हाताला लागते का ते बघ. खुर्च्या आणि टेबल कठड्यापासून लांब ठेव, जमलं तर खोलीची व्यवस्था बघणाऱ्या स्टुअर्डला सांगून काढूनच टाक. मुलं चढतात ती त्यांच्यावरूनच.

इरा अजून डायपरमध्ये असली तर बहुतेक जहाजांवर तिला पुलात उतरू देत नाहीत, पोहण्याचा डायपर घातला तरी. पाण्यात शी झाली की पूल रिकामा करून निर्जंतुक करावा लागतो. काही जहाजांवर अशा मुलांसाठी वेगळी पाण्याची जागा असते, बुकिंगआधीच विचार. किड्स क्लबही सहसा 3 वर्षांपासून, तोही डायपर सुटलेल्यांना.

टर्मिनलवर दिलेल्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होऊ शकते. म्हणून डायपर, औषधं, एक जोडी कपडे आणि मेतकुटाचं बंद पाकीट खांद्यावरच्या पिशवीत ठेव. मऊ भात जेवणघरात मागता येतो. इलेक्ट्रिक किटली नेऊ नकोस, तपासणीत काढून घेतात. सुरक्षेची कवायत सगळ्यांना सक्तीची असते. तेव्हाच इराच्या मापाचं लाइफ जॅकेट मागून घे, मोठ्यांच्या जॅकेटातून मूल खाली निसटतं. जेवणाआधी हात साबणाने धुवा. जहाजावर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरत नाही.

जहाज सुटायच्या दिवशी मुंबईला मोटारीने जाऊ नका. सुट्टीच्या दिवशी खंडाळ्याच्या घाटात किती वेळ जाईल सांगता येत नाही. पुण्याहून सव्वासातची डेक्कन क्वीन साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला पोचते आणि क्रूझचा धक्का, बॅलार्ड पिअर, तिथून टॅक्सीने जवळच आहे.

बेबी कॉट मोजकेच असतात, त्यामुळे बुकिंग करतानाच लेखी मागणी कर. मजल्याचा नकाशा आला की पाठव, खोलीचा नंबर मी बघून सांगते.

तुझी,
आई