एस्टोनियाची तयारी

महोदय,

राष्ट्रीय सुरक्षेचा विषय निघाला की आपली चर्चा विमाने आणि क्षेपणास्त्रांवरच अडकते. एस्टोनियाकडे पाहिले की ही चौकट अपुरी वाटते. लोकसंख्या जेमतेम तेरा-चौदा लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या शहराहूनही कमी, आणि शेजारी रशिया. २००४ मध्ये हा देश ‘नाटो’त गेला, पण तेवढ्यावर विसंबून राहिला नाही.

२००७ मध्ये राजधानी टालिनमधला सोव्हिएत काळातील सैनिकाचा पुतळा हलवण्यावरून तिथे दंगल उसळली आणि पाठोपाठ बँका, वृत्तपत्रे, सरकारी संकेतस्थळांवर सायबर हल्ले झाले. त्यातून हा देश जे शिकला ते मला फार मोलाचे वाटते. सरकारी नोंदींच्या प्रती आता लक्झेंबर्गमधल्या ‘डेटा दूतावासा’त, म्हणजे परदेशातल्या पण स्वतःच्याच ताब्यातल्या सर्व्हरवर आहेत. उद्या भूमी शत्रूच्या ताब्यात गेली तरी जमिनीचे उतारे, नागरिकांच्या नोंदी शाबूत राहाव्यात, हा त्यामागचा विचार. (सोव्हिएत राजवटीत स्वातंत्र्य गमावलेल्या लोकांनाच हे सुचू शकते.) तरुणांना सक्तीची लष्करी सेवा आहे, शिवाय ‘काइत्सेलीत’ ही स्वयंसेवकांची संरक्षण संघटना गावोगावी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये एस्टोनियासह तिन्ही बाल्टिक देशांनी रशियाच्या वीजजाळ्याशी असलेली जोडणीही तोडली.

तिथे सुरक्षा धोरणाचा मूळ दस्तऐवज संसद मंजूर करते. ताजा २०२३ चा आहे. आपल्याकडे असा लिखित, जाहीर दस्तऐवज अजून नाही. तो संसदेत मांडला जावा आणि त्यावर खुली चर्चा व्हावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

– एक वाचक, पुणे