आवडतो कोण, येईल कोण

डे मॉइन, आयोवा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. नागरिकत्वाची शपथ झाली, लगेच मतदार यादीत नावही नोंदवलंस, वाचून फार बरं वाटलं. मंडळात २०२८ च्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांवरून रंगणाऱ्या वादांबद्दल तू लिहिलं आहेस. एकाला अमुक बाई कोरड्या वाटतात, दुसऱ्याला तमुक गव्हर्नर बनावट वाटतो आणि तिसरा दोघांना गप्प करतो, ‘तुम्हाला कोण आवडतं ते सोडा, निवडून कोण येईल ते बोला.’ पहिल्यांदाच मत देणाऱ्याने यातल्या कशाला किती वजन द्यायचं, असं तू विचारलंस. माझं मत आधीच सांगतो: प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, त्या तिसऱ्याच्या सांगण्यावरून आपली पसंती बदलू नकोस. का, ते आता सविस्तर लिहितो.

आवडणं, खरा वाटणं आणि निवडून येण्याजोगा वाटणं हे तीन वेगळे प्रश्न आहेत. गप्पांमध्ये त्यांची सरमिसळ होते आणि तिथेच गाडी घसरते.

आवडण्यापासून सुरुवात करू. पोलवाले विचारतात, ‘या उमेदवाराबद्दल तुमचं मत अनुकूल आहे की प्रतिकूल?’ त्या उत्तरावरून मत कुणाला पडेल हे ठरत नाही. २०१६ च्या एक्झिट पोलमध्ये साधारण १८ टक्के मतदारांना ट्रम्प आणि क्लिंटन दोघंही नापसंत होते. तरी त्यांनी मत दिलंच, आणि त्यांच्यातले ४७ टक्के ट्रम्पकडे गेले, ३० टक्के क्लिंटनकडे. त्यापेक्षा उपयोगी प्रश्न २०१२ च्या एक्झिट पोलमध्ये दिसला, तेव्हा ओबामांसमोर रिपब्लिकन पक्षाचे मिट रॉम्नी होते. उमेदवाराचा कोणता गुण तुम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटला, असं विचारून चार पर्याय दिले होते. खंबीर नेतृत्व, माझ्यासारखी मूल्यं, भविष्याची दृष्टी, या तिन्ही गुणांना महत्त्व देणाऱ्यांमध्ये रॉम्नी पुढे होते. चौथा पर्याय होता, ‘माझ्यासारख्या माणसांची काळजी आहे.’ तो निवडणाऱ्या २१ टक्क्यांमध्ये ओबामांना ८१ आणि रॉम्नींना १८ टक्के मतं होती. निवडणूक ओबामांनी जिंकली. म्हणून मंडळात कुणी ‘मला तो आवडत नाही’ म्हणालं, तर एवढंच विचार: त्याला तुझी पर्वा आहे असं वाटतं का? उत्तर पुष्कळदा वेगळं येतं.

स्त्री उमेदवारांच्या बाबतीत ही आवडीची फूटपट्टी जास्त कडक लागते, हे मी ठामपणे म्हणतो. ५ जानेवारी २००८ च्या न्यू हॅम्पशरच्या डिबेटमध्ये, डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी ओबामांशी झुंजणाऱ्या हिलरी क्लिंटनना थेट विचारलं गेलं की तुमच्या अनुभवाला लोक मानतात, पण आवडतात त्यांना ओबामा, तर तुमचं म्हणणं काय? तिथे ओबामा म्हणाले, तुम्हीही पुरेशा आवडण्यासारख्या आहात. तीनच दिवसांनी त्याच राज्यात क्लिंटन ३९ विरुद्ध ३६ टक्क्यांनी जिंकल्या, आणि तेही बहुतेक पोल उलटं सांगत असताना.

आता खरेपणा. टीव्हीवर आपण खरेपणा म्हणून जे पाहतो तो बऱ्याचदा सवयीचा प्रश्न असतो. २००४ चे डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरींनी २००३ मध्ये फिलाडेल्फियात चीजस्टेक (तिथलं मांसाचं प्रसिद्ध सँडविच) मागवताना त्यावर स्विस चीज मागितलं. तिथे त्यावर चीज विझ, म्हणजे डब्यातलं पातळ चीज, घालतात. झालं, हा माणूस आपल्यातला नाही! कोल्हापुरात पुढाऱ्याने मिसळीबरोबर काटा-चमचा मागावा तसं. त्यावरून तो कामगारांच्या बाजूने मत देईल की नाही हे कसं कळणार?

त्याच शर्यतीतले हॉवर्ड डीन यांनी आयोवाच्या निकालानंतर कार्यकर्त्यांपुढे भाषणात ठोकलेली ती गाजलेली आरोळी तर नीट समजून घेण्यासारखी आहे. १९ जानेवारी २००४, आमच्या शेजारचं वेस्ट डे मॉइन. हॉल कार्यकर्त्यांनी खच्चून भरलेला, सगळे ओरडत होते. डीनच्या हातातला माइक फक्त तोंडाजवळचा आवाज पकडणारा होता, आजूबाजूचा गलका तो कापून टाकत असे. हॉलमधल्यांना त्यांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता, टीव्हीवर मात्र शांत खोलीत एक माणूस एकटाच किंचाळतोय असं ऐकू आलं. तीच चित्रफीत पुढे कित्येक दिवस दाखवली गेली. शिवाय लोक सांगतात की त्या आरोळीमुळे डीन पडले. पण आरोळीआधीच आयोवात ते १८ टक्क्यांवर तिसरे आले होते, केरी ३८ आणि एडवर्ड्स ३२.

खरेपणा तपासायचाच असेल तर एक संध्याकाळ पुरते. तुला जिव्हाळ्याचा एकच विषय घे, औषधांच्या किमती किंवा व्हिसा. उमेदवार काँग्रेसमध्ये असेल तर त्या विषयावर त्याने कसं मत दिलं ते काँग्रेसच्या संकेतस्थळावर नोंदलेलं असतं. गव्हर्नर असेल तर त्याने कोणत्या विधेयकावर सही केली आणि कोणतं परत पाठवलं ते पाहा. भूमिका बदलली असेल तर ती वारं फिरल्यावर बदलली की फिरण्याआधी, हे तारखा लावून बघ. मग सी-स्पॅन या राजकीय घडामोडींच्या वाहिनीवर त्याची एक टाउन हॉल सभा (मतदारांशी प्रश्नोत्तरं) पूर्ण पाहा, चाळीस सेकंदांची क्लिप नको. अडचणीच्या प्रश्नाला तो उत्तर देतो की पाठ केलेलं भाषण, हे अर्ध्या तासात लक्षात येतं.

खरा घोळ तिसऱ्या प्रश्नात आहे. आपल्याकडे तिकीटवाटपाच्या वेळी ‘इलेक्टिव्ह मेरिट’ म्हणतात, तेच हे. फरक इतकाच की तिथे ते पक्षश्रेष्ठी ठरवतात, इथे मतदार स्वतःच्या डोक्यावर घेतो. आणि मतदाराजवळ त्यासाठी काय असतं? शेजारी काय करेल याचा अंदाज. शेजारीही त्याच्या शेजाऱ्याचा अंदाज बांधत असतो.

हे अगदी जवळून बघायचं तर २०२० ची आयोवाची डेमोक्रॅटिक कॉकस, म्हणजे उमेदवार निवडायला भरणारी पक्षसभा, बघ. ३ फेब्रुवारी, संध्याकाळी सात, शाळेचं जिम किंवा चर्चचा हॉल. समज, १२० माणसं आली आणि त्या केंद्राला ६ डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या पुढच्या अधिवेशनाला पाठवायचे प्रतिनिधी, आहेत. चार किंवा जास्त डेलिगेट असतील तिथे गट टिकायला १५ टक्के लागत, म्हणजे इथे १८ माणसं. प्रत्येक जण आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभा राहतो, मोजणी होते. एका कोपऱ्यात १७ भरतात. एक माणूस कमी! टिकलेल्या गटांतली माणसं त्या वर्षीच्या नियमाने जागची हलू शकत नव्हती, त्यामुळे १७ जणांना दुसऱ्या एखाद्या न टिकलेल्या कोपऱ्यातून कुणाला तरी आणावं लागे, नाहीतर स्वतः फुटून दुसरीकडे जावं लागे. अठरावा मिळाला तर हिशेब असा: १८ गुणिले ६ भागिले १२०, म्हणजे ०.९, आणि तो पूर्णांकात १ डेलिगेट. नाही मिळाला तर शून्य. याच दहा-पंधरा मिनिटांत मोठ्या गटांची माणसं येऊन सांगतात, ‘तुमचा माणूस चांगला आहे हो, पण नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत टिकणार नाही. आमच्याकडे या.’ हा युक्तिवाद पहिल्या मोजणीआधी, घरातून निघतानाच, अनेकांनी स्वतःलाच घातलेला असतो, म्हणून तर १८ चे १७ होतात. मग म्हणायचं, बघा, त्याला पाठिंबाच नव्हता.

हा अंदाज किती पालटतो तेही त्याच वर्षी दिसलं. बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशरमध्ये ८.४ टक्क्यांवर पाचवे. सगळ्यांत निवडून येण्याजोगा म्हणून ज्यांचं नाव घेतलं जात होतं, ते दोन आठवड्यांत संपल्यातच जमा धरले गेले. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलिनात कृष्णवर्णीय मतदारांच्या जोरावर ४८.७ टक्के मिळाले, बुटिजेज आणि क्लोबुशार या प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतली आणि ३ मार्चला मतदान झालेल्या १४ पैकी १० राज्यं बायडननी जिंकली. माणूस तोच, भाषण तेच. नोव्हेंबरात ते जिंकलेही, म्हणजे अंदाज कधी बरोबरही ठरतो. पण २००४ मध्ये बुशना हरवू शकेल म्हणूनच अनेकांनी केरींना निवडलं होतं, आणि ते हरले. २०१६ च्या आयोवा कॉकसमध्ये ‘नोव्हेंबरात जिंकू शकेल’ हा गुण महत्त्वाचा मानणाऱ्या रिपब्लिकनांची पहिली पसंती सिनेटर मार्को रुबिओ होते, तर ‘मनात आहे ते बोलतो’ म्हणणाऱ्यांची ट्रम्प. रुबिओंना अख्ख्या प्रायमरीत राज्य म्हणावं असं एकच मिळालं, मिनेसोटा. बाकी वॉशिंग्टन डीसी आणि पोर्तो रिको. ट्रम्प निवडून येणारच नाहीत असं म्हणत होते, ते निवडून आले.

तरीही जिंकण्याचा विचार करायचाच असेल तर तो आकड्यांवर कर. अध्यक्ष राज्याराज्यांच्या निकालांवर ठरतो, म्हणून देशभरचा पोल बाजूला ठेव. २०१६ चा निकाल मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया मिळून सुमारे ७८ हजार मतांनी लागला, २०२० चा ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिनमधल्या सुमारे ४३ हजारांनी. तुझं मिशिगन त्यांतलंच एक आहे, म्हणून तुझ्या शेजाऱ्याचं मत न्यूयॉर्कच्या वृत्तनिवेदकाच्या मतापेक्षा मोलाचं आहे. राज्याच्या पोलमध्ये नमुना ८०० चा असेल तर प्रत्येक आकड्यात साडेतीन टक्के इकडे-तिकडे धर, आणि दोघांमधल्या अंतरात जवळजवळ सात. एक ४८ आणि दुसरा ४६ असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही. आणि वर्षभर आधीचे पोल मुख्यतः ओळखीचं नाव मोजतात. २००७ मध्ये रिपब्लिकनांच्या देशभरच्या पोलमध्ये जवळजवळ सतत पुढे कोण होते? न्यूयॉर्कचे माजी महापौर जुलियानी. शेवटी एकही डेलिगेट मिळाला नाही.

नावावरून आठवलं. आपले बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ मध्ये तुमच्याच राज्यात गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. असलं नाव, असला उच्चार, यांना कोण मत देणार, असं म्हणणारे आपल्याच लोकांत पुष्कळ असतात. २०२० मध्ये ते राज्याच्या विधानगृहात गेले आणि २०२२ मध्ये डेट्रॉईटचा मोठा भाग असलेल्या मतदारसंघातून काँग्रेसमध्ये. ‘मला चालेल, पण बाकीच्यांना चालणार नाही’ हे वाक्य ऐकलंस की म्हणणाऱ्याला विचार, बाकीचे म्हणजे नेमके कोण?

आता तुझ्या कामाचं. मिशिगनमध्ये नोंदणी पक्षानुसार होत नाही, पण अध्यक्षपदाच्या प्रायमरीत तुला कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते लेखी सांगावं लागतं. पोस्टाने मत देणार असशील तर त्या अर्जातली ही चौकट रिकामी सोडू नकोस, आणि सही नोंदणीवरच्या सहीसारखीच कर. घाईघाईत मराठीत केलीस तर जुळणार नाही. टपाली मतपत्रिका निवडणुकीच्या ४० दिवस आधीपासून मिळतात, त्यामुळे लगेच भरून टाकायचा मोह होतो. थांब. २०२० मध्ये कितीतरी राज्यांत लोकांनी बुटिजेज आणि क्लोबुशार यांना लवकर मत देऊन टाकलं आणि मोजणीआधीच दोघं बाहेर पडले. तुझा उमेदवार असा मध्येच गेला आणि तू मतपत्रिका परत पाठवली असशील, तर शहराच्या किंवा टाउनशिपच्या क्लार्ककडे (मतदानाचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे) मुदतीच्या आत सही केलेला लेखी अर्ज दे. जुनी रद्द करून नवी मिळते. मतदान केंद्रावर जाऊन लवकर मत दिलंस आणि मतपत्रिका यंत्रात गेली, तर मात्र ती परत येत नाही. म्हणून तू टपालानेच मागव, आणि आधीची राज्यं होऊन गेली की मग भर.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. वहिनींचीही नोंदणी झाली का ते कळव.

तुझा,
अविनाश