पानशेतात गेलेले फोटो

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

आजी आर्यनला पानशेतची गोष्ट सांगते त्यातलं खरं किती, असं तू परवा फोनवर विचारलंस.

पुराचं म्हणशील तर सगळं खरं. १२ जुलै १९६१ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं, आणि मुठेचं पाणी काठच्या पेठांमध्ये घुसलं. आदल्या रात्री जवानांनी धरणावर पोती रचली, म्हणून गाव झोपेत असताना ते फुटलं नाही, हेही खरं. आपल्या जिन्यात पाणी किती चढलं ते मात्र आजीला विचारू नकोस. ते दरवर्षी एकेक पायरी वर येतं.

नारायण पेठेतला आपला वाडा मातीचा, तो बसला. फोटोंची पत्र्याची ट्रंक त्यातच गेली. म्हणून आजीच्या लग्नाचा एकही फोटो नाही, आणि पुराच्या आदल्या वर्षी वारलेल्या माझ्या आजोबांचा तर कुठलाच नाही. ते कसे दिसायचे विचारलं तर आजी म्हणते सावळे, उंच. कमलआत्या म्हणते गोरे, बेताचे. एक सून, एक लेक. टोपी काळी की पांढरी यावरून तर दोघींचं चांगलंच वाजलंय (पुण्यात हा प्रश्न साधा नसतो!). मला दोन्ही आजोबा पाठ आहेत. त्यातला एक खोडावा असं वाटत नाही, तूही आजीला मध्येच अडवू नकोस.

उलट ती कुठे घाई करते ते बघ. स्टोव्हवरचं दूध उतरवलं, झाकलं, मग बाहेर पडले, हे अगदी सावकाश सांगते. पुढचे चिखल उपसायचे दिवस मात्र ‘मग सगळं आवरलं’ एवढ्यात उरकते. मोठ्यांनी विचारलं की ‘काय ते आता’ म्हणते. आर्यनला विचारू दे.

रेकॉर्ड करणार असशील तर मोबाइल पालथा ठेव. समोर धरलास की ती आकाशवाणीवर बोलल्यासारखी बोलते.

दिवाळीत आलात की एक दुपार कमलआत्याकडेही जा. तिच्या मते आजी रेशनकार्ड तेवढं घेऊन पळाली, आणि दूध मांजराने आधीच संपवलं होतं.

तुझा,
बाबा